तारामंगल वृद्धनिवासातील न नोंदलेल्या पडण्यांबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
वृद्धनिवास नोंदणी व तपासणी शाखा,
वडोदरा विभाग, वडोदरा.

अर्जदार : लक्ष्मीकांत शरच्चंद्र पोतनीस, वय ७७, खोली क्र. १४, तारामंगल वृद्धनिवास, समा, वडोदरा.

विषय : जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव कळविण्याबाबत आपण केलेल्या मागणीस उत्तर, तसेच कामावरून काढलेल्या आया श्रीमती रेवाबेन राठवा यांना परत घेण्याबाबत विनंती.

संदर्भ : १) माझे अर्ज, दि. ५ मे २०१४ व दि. १६ जून २०१४.
२) आपले पत्र, दि. २१ जुलै २०१४.

महोदय,

१. आपले संदर्भीय पत्र मिळाले. माझी पत्नी कै. सौ. वत्सला हिच्या मृत्यूस कारणीभूत झालेल्या अपघाताबाबत मी दोन अर्ज केले, पण त्यांत जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव नाही, सबब कार्यवाही करता येत नाही, असे आपण कळविले आहे. सोबत एक प्रपत्र पाठवून ते पंधरा दिवसांत भरून द्यावे, अन्यथा प्रकरण दप्तरी दाखल होईल, असेही म्हटले आहे. पंधरा दिवस उलटून गेले, याबद्दल क्षमा असावी. प्रपत्र भरायला वेळ लागत नाही. त्यात काय लिहावे हे ठरवायला लागला.

२. आपण फेब्रुवारीत तपासणीला आला होतात तेव्हा माझ्याशी मराठीत बोललात, म्हणून हा अर्ज मराठीत करीत आहे. कार्यालयाच्या सोयीसाठी गुजराती तर्जुमा जोडला आहे. तो येथील निवासी श्रीमती निरुपमाताई यांनी केला असून त्यातील मजकुराची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.

३. माझ्याविषयी थोडक्यात. गोरव्याच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात मी एकतीस वर्षे नोकरी केली. त्यांतली शेवटची चौदा वर्षे सुरक्षा विभागात होतो. कोणाचा हात कोठे अडकला, का अडकला, पुन्हा अडकू नये म्हणून काय करायचे, हे शोधणे आणि लिहून काढणे एवढेच माझे काम. पत्नी शाळेत चित्रकला शिकवीत असे. आम्हाला अपत्य नाही. सन २०११ मध्ये तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे गेले. एकच शब्द उरला, "झालं." जेवलीस का, झालं. भूक लागली का, झालं. पाऊस पडतोय का, तरी झालं. समा येथेच आमची सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर जागा होती, लिफ्ट नव्हती. माझेही गुडघे गेलेले. म्हणून ऑगस्ट २०१२ मध्ये आम्ही दोघे तारामंगलमध्ये राहायला आलो. ती तळमजल्यावर, जेथे आया लागणाऱ्या बायकांना ठेवतात त्या विभागात, आणि मी पहिल्या मजल्यावर. दिवसभर मी खालीच असे.

४. त्या विभागात रेवाबेन राठवा या नावाची आया होती. छोटाउदेपूरकडची, वय पन्नाशीच्या आसपास, येथे सहा वर्षे काम केलेली. तिच्याइतकी चांगली आया मी पाहिली नाही. हे मी आज लिहितो. तेव्हा काय लिहिले ते पुढे येईल.

रेवाबेनची एक सवय होती. कोणी पडले, पडता पडता वाचले, गोळी चुकीची दिली गेली, गरम दूध कोणाच्या मांडीवर सांडले, की ती कारकुनाकडे जाऊन नोंदवहीत लिहून घेई. तिला स्वतःला सही करण्यापुरतेच लिहिता येत असे. तिचे पाहून बाकीच्या आयाही लिहून घेत. मी ती वही मागून वाचत असे, जुनी सवय म्हणून. महिन्याला चार-पाच नोंदी असत. व्यवस्थापक श्री. हेरंब वैद्य यांना ती वही आवडत नसे. घरच्या माणसांच्या हातात पडली तर काय वाटेल, असे ते म्हणत.

५. दि. ९ जून २०१३, रविवार. त्या दिवशी विश्वस्तांकडचे पाहुणे जेवायला यायचे होते, म्हणून विभागातली दुसरी आया स्वयंपाकघरात पाठवलेली होती. अकरा बायकांना रेवाबेन एकटी होती. सकाळी नऊच्या सुमारास तिने पत्नीला न्हाणीघरात कमोडवर बसवले. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कमलाबाईंचा आवाज आला. त्यांना चहाचा ठसका लागून श्वास कोंडला होता. रेवाबेन तिकडे धावली. ती परत आली तेव्हा पत्नी खाली पडलेली होती. भुवईच्या वर लागले, तीन टाके पडले.

मी बागेत पेपर वाचत होतो. रेवाबेन स्वतः मला सांगायला आली. तिच्या हाताला रक्त होते. ती म्हणाली, "काका, मारी भूल छे. बेनला एकटं सोडलं मी." मग तिने काय घडले ते एकेक करून सांगितले, काही लपवले नाही. कमोडजवळचा भिंतीतला धरायचा दांडा दिवाळीपासून हलतो आहे, तीनदा सांगितले आहे, हेही ती म्हणाली. ते मी नीट ऐकले नाही. माझ्या बायकोच्या कपाळातून रक्त येत होते आणि समोर चूक कबूल करणारे माणूस उभे होते. मला आणखी काही ऐकायचे नव्हते.

६. दुपारी श्री. वैद्य यांनी मला कार्यालयात बोलावले. चहा मागवला. रेवाबेन तोंडाळ आहे, वही भरत बसते, असे बरेच बोलले. शेवटी म्हणाले, "साहेब, तुम्ही फक्त लिहून द्या. बाकीचे मी पाहतो."

मी लिहून दिले. एका बैठकीत दोन पाने लिहिली. मला अर्ज चांगला लिहिता येतो, हे आपल्या लक्षात आले असेल. त्या पत्रात मी "अक्षम्य हलगर्जी" हे शब्द दोनदा वापरले. हलणाऱ्या दांड्याचा उल्लेख नाही. पाठवून दिलेल्या दुसऱ्या आयेचा नाही. अकरा बायका आणि एक आया, याचाही नाही. चौदा वर्षे मी कारखान्यात प्रत्येक अपघाताच्या कागदावर हेच प्रश्न विचारत होतो. यंत्रावर किती माणसे हवी होती, किती होती, काय मोडके होते, कोणाला कधी सांगितले होते. मशीनवरच्या माणसाला दोष देऊन फाईल बंद करणाऱ्या फोरमनशी मी भांडलो आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मी तो फोरमन झालो. त्या पत्राची प्रत मी श्री. वैद्य यांच्याकडून मागून घेतली असून या अर्जास जोडली आहे.

७. दुसऱ्या दिवशी रेवाबेनला काढले. तिच्या कामाच्या दाखल्यावर माझेच शब्द घालून शेरा मारला, त्यामुळे तिला दुसऱ्या कोठल्याही वृद्धनिवासात किंवा दवाखान्यात काम मिळाले नाही. जाताना ती विभागात आली, सगळ्यांच्या पाया पडली. मी पत्नीच्या खाटेजवळ बसलो होतो, तो उठून जाण्याच्या बेतात होतो. ती मला म्हणाली, "काका, बेनला डाव्या बाजूने धरा. उजवा पाय भरवशाचा नाही." एवढेच म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली.

८. यानंतर नोंदवहीत एकही नोंद झाली नाही. जून नाही, जुलै नाही. पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनानंतर दरवाजाशी एका फळ्याचे अनावरण झाले. त्यावर "अपघातमुक्त दिवस" असे रंगवलेले असून आकडा बदलण्याची सोय आहे. एका विश्वस्तांचा कारखाना आहे, तिकडून ही कल्पना आली. त्या दिवशीचा आकडा सहासष्ट होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

असा फळा आमच्या कारखान्यातही होता. एकदा लेथवरच्या एका माणसाने अंगठा कापलेला असताना अख्खी पाळी हात खिशात घालून काढली. फळ्यावरचा आकडा आपल्यामुळे शून्य झाला तर सगळ्या खात्याची बोलणी खावी लागतील म्हणून. पुढे त्याचा अंगठा काढावा लागला. त्यानंतर मी भांडून तो फळा उतरवायला लावला होता. हे सर्व मला ठाऊक असताना मी तारामंगलमध्ये टाळ्या वाजवल्या, कारण गुन्हेगार गेली आणि आता सगळे ठीक झाले, असे मला मनापासून वाटत होते. तसे वाटणे मला सोयीचेही होते.

९. फळ्यावरचा आकडा वाढत गेला. माझ्या शेजारच्या खोलीत श्री. जयसिंगराव शिर्के राहतात. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, तगडे गृहस्थ. डिसेंबरात त्यांचे कोपर काळेनिळे दिसले. मी विचारले तर दार लागले म्हणाले. जानेवारीत दुसरे कोपर. पुन्हा दारच. मी फार मागे लागलो तेव्हा त्यांनी खोलीचे दार लावून घेतले आणि सांगितले की ते जिन्यात दोनदा पडले आहेत. मी म्हटले, लिहून का देत नाही. तर म्हणाले, जो पडतो त्याला तिसऱ्या मजल्यावर हलवतात, वॉकर काढून घेतात, बाहेर सोडत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस पडत नाही हे खरेच आहे, कारण तो खाटेवरून उतरत नाही.

म्हणजे आया नोकरीच्या भीतीने गप्प, आणि आम्ही तिसऱ्या मजल्याच्या भीतीने. वही कोरी राहिली ती अशी.

१०. फेब्रुवारी २०१४ मध्ये आपण तपासणीला आलात. आठ महिन्यांत एकही अपघात नाही हे पाहून आपण "उत्तम" असा शेरा दिला, तो चौकटीत लावलेला आहे. आपण माझ्या खोलीत आलात आणि विचारलेत, "आजोबा, काही तक्रार?" मी नाही म्हटले. श्री. वैद्य आपल्या मागे उभे होते हे खरे. पण ते नसते तरी मी नाहीच म्हटले असते. जयसिंगरावांचे पडणे कोणाला सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता, आणि माझी बायको खाली श्री. वैद्य यांच्या ताब्यात होती. त्या शेऱ्याचा दोष एकट्या आपल्यावर येऊ नये म्हणून हे लिहिले.

११. आता मुख्य घटना. दि. ११ मार्च २०१४, मंगळवार. दुपारचे जेवण झाल्यावर मी वर जाऊन आडवा झालो. चारच्या सुमारास खाली आलो तर पत्नी खाटेवर होती. तिचे केस नीट विंचरलेले होते, पातळ बदललेले होते. मला बरे वाटले. आज कोणीतरी माया केलेली दिसते, असे मी मनात म्हटले.

रोज साडेचारला मी तिला धरून चार पावले चालवत असे. डॉक्टरांनी तसे सांगितले होते. त्या दिवशी ती उठेना. मी हात धरला तर "झालं" म्हणाली. पुन्हा ओढले, पुन्हा "झालं". हा शब्द ती दिवसातून शंभरदा म्हणे. ती कंटाळा करते आहे असे मला वाटले. मी तिला रागावलो. मी म्हणालो, "लाड पुरे. ऊठ." बगलेत हात घालून मी तिला उभी केली आणि चार पावले चालवली. ती ओरडली नाही. तिने माझा सदरा डाव्या मुठीत धरला होता, तो बसल्यावरही सोडत नव्हती. मी तिची बोटे एकेक करून सोडवली.

बुधवारीही मी हेच केले.

१२. गुरुवारी व्यायाम शिकवायला येणारे डॉक्टर आले. त्यांनी पांघरूण बाजूला केले आणि काही न विचारता मला बाहेर बोलावले. उजवा पाय आखूड दिसत होता आणि बाहेरच्या बाजूला वळलेला होता. खुब्याचे हाड मोडले होते. किमान दोन दिवस झाले असावेत, असे ते म्हणाले. दवाखान्यात नेले, शस्त्रक्रिया झाली. नंतर छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला. दि. २४ मार्च रोजी सकाळी ती वारली. दवाखान्याविषयी माझी तक्रार नाही.

श्री. वैद्य यांनी मला सांगितले की या वयात हाडे इतकी ठिसूळ होतात की कूस बदलतानाही मोडतात. कागदावर तसेच लिहिले गेले. पडल्याची नोंद नसल्यामुळे फळ्यावरचा आकडाही बदलला नाही. अंत्यविधीहून मी परत आलो तेव्हा दरवाजाशी दोनशे सत्त्याऐंशी लिहिलेले होते. मी तो आकडा वाचला. त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळला नाही.

१३. तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी एक आया माझ्याकडे आली. तिचे नाव मी लिहिणार नाही. वय, गाव, भाषा, ती अजून येथे आहे की गेली, यांतले काहीही लिहिणार नाही. तेव्हा त्या विभागात सात बायका पाळीपाळीने, आणि पाळ्या कोठे न लिहिता आपसांत बदलून, काम करीत होत्या, त्यांतल्या कोणीही असे समजावे. ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि रडू लागली. मग तिने सांगितले.

त्या मंगळवारी दुपारी ती एकटी होती. पत्नीला खाटेवरून खुर्चीत बसवताना पाय घसरला आणि दोघी पडल्या. पत्नी खाली, ती वर. तिने पत्नीला उचलून खाटेवर ठेवले. पातळ ओले झाले होते म्हणून बदलले. केस सुटले होते म्हणून विंचरले. बाहेरून काही लागलेले दिसत नव्हते. पत्नी "झालं, झालं" म्हणत होती. तिला वाटले, काही झाले नाही असेच बेन म्हणताहेत.

मी विचारले, मला का सांगितले नाहीस. मला फक्त सांगितले असतेस तर मी तिला चालवले नसते. तेव्हा ती जे बोलली ते मी माझ्या भाषेत देतो. ती म्हणाली, "काका, रेवाबेनने सांगितलं होतं. तिचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. पत्र तुम्हीच लिहिलं होतं ना?"

महोदय, मी या वाक्यावर चार महिने विचार केला आहे. मला त्यात काही चूक सापडली नाही.

१४. मे महिन्यात मी श्री. वैद्य यांना भेटलो. नाव न घेता घटना सांगितली. पाच-सहा सूचना लिहून दिल्या. नोंद करणाऱ्याला शिक्षा करू नये. पडणाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर टाकू नये. एका आयेवर पाचांपेक्षा जास्त माणसे देऊ नयेत. दर आठवड्याला आया, निवासी आणि व्यवस्थापक यांनी एकत्र बसून, कोण पडता पडता वाचले ते बोलावे, आणि जे मोडके असेल ते त्याच आठवड्यात दुरुस्त करावे. फळा उतरवावा. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारले, "पण नाव काय तिचे?"

मग मी आपल्याकडे अर्ज केला. सहा आठवडे उत्तर आले नाही म्हणून पुन्हा केला. जुलैत आपले पत्र आले. त्यातही नावच विचारलेले आहे. प्रपत्रात सात रकाने आहेत आणि जबाबदार कर्मचाऱ्याच्या नावाचा रकाना भरल्याशिवाय ते स्वीकारले जाणार नाही, असे तळाशी छापले आहे. दांडा का हलत होता, आया किती होत्या, यासाठी रकाना नाही.

श्री. वैद्य यांना मी वाईट माणूस म्हणत नाही. आपल्यालाही म्हणत नाही. सगळ्यांना नाव हवे असते. नाव मिळाले की काम झाले असे वाटते. मला वाटले होते. मी नाव दिले, ते नाव पिशवी घेऊन निघून गेले, आणि नऊ महिन्यांनी माझी बायको मोडलेल्या हाडावर चालली, मला धरून.

१५. गेल्या महिन्याच्या अखेरीस मी रेवाबेनला शोधून काढले. गोरव्यालाच एका चाळीत राहते, जवळच्या कारखान्यात खोकी बांधण्याचे काम करते. मी रिक्षाने गेलो. तिने ओळखले, खुर्ची पुसून दिली, पाणी दिले. पत्नी गेल्याचे तिला कळले होते. मी तिला सांगितले की ते पत्र मी लिहिले होते. ती म्हणाली, मला ठाऊक होते. मी तिची माफी मागितली. तिने काही उत्तर दिले नाही. मला वाटते, द्यावे असे तिला वाटले नसावे, आणि त्यात तिचे काही चुकले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "तो दांडा बसवला का?"

मी नाही म्हणालो. तिने पाण्याचा पेला उचलून आत ठेवला. मग कमलाबाईंची चौकशी केली, आणि कामाची वेळ झाली म्हणून उठली.

१६. प्रपत्र भरून सोबत जोडले आहे. जबाबदार व्यक्तीच्या नावाच्या रकान्यात मी माझे नाव घातले आहे. मी कर्मचारी नाही, याची मला कल्पना आहे. परंतु आपला नियम रकाना कोरा नसावा एवढाच आहे. तो कोरा नाही. जे नाव घातले ते खोटेही नाही. मोडलेल्या पायावर तिला मी चालवले. ज्या पत्रामुळे सांगणाऱ्यांची तोंडे बंद झाली, ते मी लिहिले. प्रपत्र नाकारायचे असल्यास तसे लेखी कारणासह कळवावे.

१७. सबब विनंती की,

(अ) श्रीमती रेवाबेन राठवा यांच्या दाखल्यावरील शेरा रद्द करून त्यांना, त्यांची इच्छा असल्यास, परत कामावर घेण्यास विश्वस्तांना सांगावे. तक्रारदार या नात्याने मी माझी दि. ९ जून २०१३ ची तक्रार मागे घेत आहे.

(ब) ज्या आयेने मला खरे सांगितले तिचा शोध घेऊ नये.

(क) तारामंगलला दिलेला "उत्तम" हा शेरा परत घ्यावा. इतउत्तर एखाद्या वृद्धनिवासाची वही कोरी दिसली तर त्यांना शाबासकी न देता, येथे लोक कशाला घाबरतात, असे विचारावे. आणि ते विचारताना व्यवस्थापकांना बाहेर थांबवावे.

परिच्छेद १४ मधील सूचनांचा कागद वेगळा जोडला आहे. त्याविषयी येथे पुन्हा लिहीत नाही.

१८. एक गोष्ट या अर्जात लिहायची नव्हती. अर्ज पूर्ण झाला, सहीही केली होती, नंतर हे पान पुन्हा लिहायला घेतले.

गेल्या मंगळवारी, दि. १९ ऑगस्ट रोजी, सकाळी नाश्त्याहून येताना जेवणघराच्या पायरीवर मी घसरून पडलो. फरशी नुकतीच पुसलेली होती. डाव्या मनगटावर भार आला, ते सुजले आहे. त्या वेळी पायरीपाशी एक आया होती. ती धावत आली आणि तिने मला उठवले. उभा राहिल्यावर मी काय केले ते सांगतो. मी आधी इकडेतिकडे पाहिले. तीही पाहत होती. कोणी नव्हते. मी तिला म्हणालो, "कोणाला सांगू नकोस. मीही सांगत नाही." तिने मान हलवली आणि माझ्या लेंग्यावरची धूळ झटकली. आम्हा दोघांनाही हायसे वाटले.

हा अर्ज लिहिणारा माणूस मीच, आणि तो तिसऱ्या मजल्याला भ्याला. तीन दिवस मनगट सदऱ्याच्या बाहीत लपवून मी जेवायला जात होतो.

तरी नोंदवहीत घालण्यासाठी खालील मजकूर देत आहे. जून २०१३ नंतरची ही पहिली नोंद होईल. लक्ष्मीकांत पोतनीस, खोली क्र. १४, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जेवणघराच्या पायरीवर पडले. पायरी ओली होती. धरायला काही नव्हते. आयेने ताबडतोब मदत केली, तिचा कोणताही दोष नाही. यासाठी मला तिसऱ्या मजल्यावर नेले तर चालेल, तिला काढले तर चालणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
लक्ष्मीकांत शरच्चंद्र पोतनीस
तारामंगल वृद्धनिवास, समा, वडोदरा
दि. २२ ऑगस्ट २०१४

सोबत :
१) भरलेले प्रपत्र.
२) माझ्या दि. ९ जून २०१३ च्या तक्रारपत्राची प्रत, पाने दोन.
३) व्यवस्थापकांना दिलेल्या सूचनांची प्रत.
४) गुजराती तर्जुमा. (परिच्छेद १८ नंतर लिहिला असल्याने तो तर्जुम्यात नाही. निरुपमाताईंना तो दाखवलेला नाही.)